वाचकांचे प्रश्न : निळे डबे आणि त्यांचे दोन मालक

गेल्या अंकात याच सदरात ब्रिटनमधील सॉमरसेट अँड डॉरसेट जॉइंट रेल्वेविषयी एक छोटे उत्तर छापले होते आणि त्यात तिच्या ‘गर्द निळ्या डब्यांचा’ ओझरता उल्लेख होता. त्या दोन शब्दांवर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘जॉइंट रेल्वे’ म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून चालवलेली रेल्वे, की त्या दोघींहून वेगळी तिसरी कंपनी? आणि मग डबे कोणाच्या मालकीचे?

उत्तर : ब्रिटनमधील रेल्वे एकोणिसाव्या शतकात खासगी कंपन्यांनी बांधल्या आणि प्रत्येक मार्गासाठी पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घेतला. एखादा मार्ग दोन मोठ्या कंपन्यांच्या हद्दींच्या मधोमध पडला आणि कोणतीच माघार घेईना, तेव्हा पुष्कळदा तो दोघींनी मिळून विकत किंवा भाड्याने घेतला आणि त्याच्या कारभारासाठी एक संयुक्त समिती नेमली. काही समित्या निव्वळ रूळ आणि स्थानके सांभाळत. गाड्या मालक कंपन्यांच्याच धावत. मात्र काही संयुक्त रेल्वेंचा संसार पुरता वेगळा होता : स्वतःची इंजिने, स्वतःचे डबे, स्वतःचा कारखाना, आणि अर्थात स्वतःचा रंग.

सॉमरसेट अँड डॉरसेट या दुसऱ्या प्रकारातली. सॉमरसेट सेंट्रल आणि डॉरसेट सेंट्रल या दोन लहान कंपन्या 1862 मध्ये एकत्र आल्या, त्या ब्रिस्टल खाडी आणि इंग्लिश खाडी रुळांनी जोडण्याच्या स्वप्नापायी. त्या मार्गावर पुरेशी वाहतूक मिळेना, म्हणून त्यांनी मेंडिप टेकड्या ओलांडून बाथ शहरापर्यंत नवा फाटा काढला. तो 1874 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या खर्चाने कंपनीचे कंबरडे मोडले. पुढच्याच वर्षी संचालक ग्राहक शोधू लागले. ते आधी ग्रेट वेस्टर्न कंपनीकडे गेले. तिने औपचारिकता म्हणून शेजारच्या लंडन अँड साउथ वेस्टर्न कंपनीच्या कानावर ही गोष्ट घातली, आणि त्या कंपनीने वेळ न दवडता मिडलंड रेल्वेला सोबत घेऊन अधिक चांगला प्रस्ताव पुढे केला. शिष्टाचार ग्रेट वेस्टर्नला चांगलाच महागात पडला. 1875 मध्ये मिडलंड आणि साउथ वेस्टर्न यांनी हा मार्ग 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला.

कामाची वाटणी अशी झाली की इंजिनांची जबाबदारी मिडलंडच्या डर्बी येथील अधिकाऱ्यांकडे गेली, तर रूळ, पूल आणि सिग्नल साउथ वेस्टर्नने सांभाळले. डबे मात्र या रेल्वेच्या स्वतःच्या हायब्रिज येथील कारखान्यात बांधले, दुरुस्त केले आणि रंगवले जात. म्हणजे डबे ना मिडलंडचे, ना साउथ वेस्टर्नचे. ते संयुक्त समितीचे, आणि समितीच्या द्वारे दोघींचे निम्मे निम्मे.

प्रश्न : दोन्ही मालक कंपन्यांपैकी एकीचाही रंग निळा नव्हता असे वाचले. मग या रेल्वेने निळा रंग कुठून आणला?

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे. मिडलंडचे डबे ‘क्रिमसन लेक’ या गडद लाल रंगाचे होते. मराठीत त्याला किरमिजी म्हणावे आणि तसे म्हणणे केवळ सोयीचे नाही : ‘क्रिमसन’ आणि ‘किरमिजी’ हे दोन्ही शब्द ज्या किड्यापासून लाल रंग काढत त्याच्या एकाच जुन्या नावावरून आले आहेत. साउथ वेस्टर्नचे डबे खिडक्यांच्या खाली तपकिरी आणि वर सामन माशाच्या मांसासारख्या गुलाबी छटेचे असत. संयुक्त रेल्वेची इंजिने सुरुवातीला हिरवी होती, आणि त्या काळी मिडलंडची इंजिनेही हिरवीच होती. मिडलंडने 1880च्या दशकात इंजिनांसाठी लाल रंग स्वीकारला, तेव्हा संयुक्त रेल्वेने तिचे अनुकरण केले नाही. त्याच दशकाच्या मध्यावर तिने प्रशियन निळा रंग घेतला आणि इंजिने व डबे दोन्ही त्या एका रंगात आणली. ब्रिटनमध्ये गाडीचे इंजिन एका रंगाचे आणि डबे दुसऱ्या रंगाचे ही सर्रास रीत होती. त्यामुळे धुराड्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत निळीच दिसणारी गाडी पाहणाऱ्याच्या नजरेत भरत असणार.

या निवडीत एक व्यावहारिक शहाणपण होते असे मला वाटते. दोन समान भागीदारांपैकी एकीचा रंग घेतला असता, तर दुसरीला तो रोजच्या रोज खुपला असता. डबा दिसला की मिडलंडच समोर आली असती. शिवाय ही रेल्वे दोन्ही टोकांना परक्या घरात शिरत होती. बाथला तिच्या गाड्या मिडलंडच्या स्थानकात उभ्या राहत आणि दुसऱ्या टोकाला, बोर्नमथला, साउथ वेस्टर्नच्या डब्यांच्या शेजारी. अशा ठिकाणी कोणता डबा कोणाचा हे लांबूनच कळणे उपयोगाचे होते.

यामागे पैशाचाही प्रश्न होता. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर गेला की त्याचा हिशेब ठेवावा लागे, आणि हे हिशेब मिटवण्यासाठी 1842 पासून रेल्वे क्लिअरिंग हाऊस ही संस्था काम करत होती. तिचे कारकून जंक्शनांवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या डब्यांचे क्रमांक वहीत टिपत. हिशेबात ग्राह्य धरला जाई तो क्रमांक आणि मालकाची अक्षरे. रंग हा पुरावा नव्हता, पण थंडीवाऱ्यात वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाची नजर आधी रंगावरच जात असणार.

खुद्द रंगाविषयी थोडे. प्रशियन निळा हा लोहाच्या संयुगापासून प्रयोगशाळेत तयार झालेला रंग, अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडलेला. थोडा वापरला तरी गडद छटा देतो आणि तेलात चांगला मिसळतो. डब्यावर तो थेट फासत नसत. आधी लाकडाला अस्तर, मग फटी आणि खिळ्यांच्या जागी लांबी (पुट्टी) भरणे, मग भराव्याचे थर आणि प्रत्येक थरानंतर प्युमिस दगडाने घासून गुळगुळीत करणे, त्यावर मूळ रंग, त्यावर रेषा आणि सोनेरी अक्षरे, आणि सर्वांत वर रोगणाचे अनेक हात. व्हिक्टोरियन काळात चांगल्या प्रवासी डब्यावर सगळे मिळून डझनाहून अधिक थर चढत आणि प्रत्येक थर वाळायला दिवस जात. एक डबा रंगशाळेत काही आठवडे अडकून पडे. सॉमरसेट अँड डॉरसेटच्या डब्यांवर निळ्याच्या जोडीला सोनेरी-पिवळ्या रेषा आणि रेल्वेची आद्याक्षरे असत.

मग हे डबे तासभर धुरात बुडवून काढायचे. बाथहून निघाले की कोम डाउनचा बोगदा लागे. 1,829 यार्ड लांब, एकेरी रुळाचा, आणि त्याला हवा खेळण्यासाठी एकही उभी विहीर नाही. पुढे मेंडिपवर समुद्रसपाटीपासून 811 फूट उंचीचा मॅसबरीचा माथा, तिथवर पन्नासास एक असे चढ. इंजिने जिवाच्या आकांताने ओढत आणि काजळी डब्यांवर बसे. रेल्वेच्या आद्याक्षरांवरून लोकांनी तिला ‘स्लो अँड डर्टी’ म्हटले, तर तिच्या चाहत्यांनी त्याच अक्षरांचे ‘स्विफ्ट अँड डिलाइटफुल’ करून दाखवले. रंगशाळेतल्या माणसांना पहिले नाव अधिक पटले असेल.

प्रश्न : म्हणजे या मार्गावर प्रत्येक गाडी निळीच दिसत असे?

उत्तर : नाही. स्थानिक गाड्या निळ्या. पण उत्तरेकडून बोर्नमथला थेट जाणारे डबे मिडलंडचे आणि म्हणून किरमिजी असत. 1910 पासून मँचेस्टर आणि बोर्नमथ यांच्या दरम्यान धावणाऱ्या थेट गाडीला 1927 मध्ये ‘पाइन्स एक्सप्रेस’ हे नाव मिळाले. ती या मार्गाची मानाची गाडी, पण तिचे डबे या रेल्वेचे नव्हते. निळे इंजिन आणि मागे लाल डब्यांची रांग हे दृश्य बाथ आणि बोर्नमथ यांच्या दरम्यान रोजचे होते.

प्रश्न : त्या काळी रंगीत छायाचित्रे नव्हती. मग अमुक डबा अमुक निळ्या छटेचा होता असे अभ्यासक इतक्या ठामपणे कसे सांगतात? मी पाहिलेल्या एका जुन्या छायाचित्रात तर संयुक्त रेल्वेचा डबा फिकट राखाडी दिसतो आणि शेजारचा मिडलंडचा डबा जवळजवळ काळा.

उत्तर : या महिन्यातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि आपल्या छायाचित्रातली गफलत डब्यात नसून काचेत आहे. त्या काळच्या छायाचित्रण-काचांवरील रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळपास आंधळे असे. त्यामुळे निळी वस्तू प्रत्यक्षाहून उजळ उमटे आणि लाल वस्तू प्रत्यक्षाहून पुष्कळ गडद. मिडलंडचा किरमिजी डबा काळा दिसतो तो यामुळे. पिवळ्या रेषांचेही तेच होते : डोळ्यांना त्या निळ्यावर झळकतात, पण काचेवर त्या दबतात आणि कधी कधी पार्श्वभूमीत मिसळून जातात. पुढे सर्व रंगांना सारखा प्रतिसाद देणाऱ्या काचा आल्यावर हे चित्र बदलले. म्हणून एकाच डब्याची दोन छायाचित्रे वेगवेगळ्या काचांवर घेतली असतील, तर रंग बदलला असा चुकीचा निष्कर्ष काढणे अगदी सोपे असते, आणि तो काढला गेलाही आहे.

यात आणखी एक खाचखळगा आहे. कारखान्याबाहेर काढलेल्या अधिकृत छायाचित्रांसाठी नवे वाहन, विशेषतः इंजिन, मुद्दाम राखाडी रंगवून त्यावर काळ्या-पांढऱ्या रेषा काढत. उद्देश असा की आराखड्याचा प्रत्येक तपशील स्वच्छ उमटावा. छायाचित्र झाले की खरा रंग चढे. असे छायाचित्र रंगाचा पुरावा म्हणून अगदीच निरुपयोगी.

मग पुरावा कोणता? कारखान्यांच्या नोंदी, रंगसाहित्याची मागणीपत्रे, रंग जमवण्यासाठी जपलेले नमुना-फलक, समकालीन रेल्वे मासिकांतील वर्णने, आणि सर्वांत विश्वासार्ह म्हणजे जुन्या डब्याचे लाकूड. जिथे ऊन पोचले नाही अशी जागा, उदाहरणार्थ दाराच्या कडेची पट्टी किंवा नंतर ठोकलेल्या फळीखालचा भाग, शोधतात आणि तिथले थर बारीक कागदाने वर्तुळाकार घासत जातात. झाडाच्या वलयांसारखी रंगांची वलये दिसू लागतात : वर शेवटचा मालक, आत त्याच्या आधीचा, आणि मध्यभागी अस्तर.

इथेही सावधगिरी लागतेच. रोगण जुने होते तसे पिवळे पडते, आणि निळ्यावर पिवळा पडदा आला की निळा हिरवट भासतो. त्यामुळे कारखान्यातून निघालेला डबा आणि सहा वर्षे सेवेत राहिलेला डबा हे दोन्ही ‘प्रशियन निळे’च, पण शेजारी उभे केले तर एका रंगाचे वाटणार नाहीत. ‘अचूक छटा’ सांगणाऱ्यांकडे म्हणूनच मी थोड्या संशयाने पाहतो. अचूक कोणत्या दिवशीची, हे त्यांनी आधी सांगावे.

प्रश्न : निळ्या रंगातले 88 क्रमांकाचे मोठे इंजिन मी चित्रफितीत पाहिले. ते त्या काळी असेच दिसत असे का?

उत्तर : नाही. ते इंजिन खरे, क्रमांक खरा, रंग मात्र हौसेचा. जड मालगाड्या मेंडिपच्या चढांवरून नेण्यासाठी डर्बीने या रेल्वेकरिता खास आठ चालकचाकांची अकरा इंजिने आखली. सहा 1914 मध्ये डर्बीतच झाली आणि पाच 1925 मध्ये रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीने बांधली. 88 क्रमांकाचे इंजिन दुसऱ्या तुकडीतले. मालगाड्यांची ही इंजिने काळ्या रंगात काम करत. निळा प्रवासी गाड्यांच्या इंजिनांसाठी होता. सेवानिवृत्त झाल्यावर हे इंजिन वेल्समधील बॅरीच्या भंगारयार्डात पोचले होते. तिथून हौशी मंडळींनी ते सोडवून आणले आणि पुढे काही वर्षे ते प्रशियन निळ्यात धावले. दिसले फार देखणे. इतिहासाच्या दृष्टीने ते चूक आहे असे म्हणताना माझा आवाज जरा खाली येतो.

प्रश्न : दुसरी मोठी संयुक्त रेल्वे, मिडलंड अँड ग्रेट नॉर्दर्न, पिवळ्या इंजिनांची होती म्हणतात. तिचे डबेही पिवळे होते का?

उत्तर : इंजिने पिवळी, डबे नाहीत. मिडलंड अँड ग्रेट नॉर्दर्न जॉइंट रेल्वे 1893 मध्ये ईस्टर्न अँड मिडलंड्स ही अडचणीत आलेली कंपनी ताब्यात घेऊन अस्तित्वात आली. सुमारे 180 मैलांचा तिचा पसारा पीटरबरोच्या आसपासच्या सपाट प्रदेशातून नॉरफकच्या किनाऱ्यापर्यंत होता, आणि ब्रिटनमधील संयुक्त रेल्वेंत तीच सर्वांत लांब. कारखाना मेल्टन कॉन्स्टेबल या खेड्यात होता. खेडे कसले, रेल्वेनेच उभे केलेले गाव. विल्यम मॅरियट या अभियंत्याने तिथे काँक्रीटचे खांब आणि फलकही ओतले. इंजिनांच्या रंगाला ‘गोल्डन गॉर्स’ असे नाव रूढ आहे. गॉर्स हे किनाऱ्यालगतच्या माळांवर वाढणारे काटेरी झुडूप आणि त्याची फुले पिवळीधमक.

तिचे डबे सागवानी रंगाचे होते, कारण दोन मालकांपैकी ग्रेट नॉर्दर्नची परंपरा सागवानाची. सागवानी लाकूड रंगवायचे नाही, फक्त रोगण लावायचे, म्हणजे लाकडाच्या रेषा आणि मधासारखी झळाळी तशीच दिसते. सागवान कुजतही नाही. अडचण येते ती दुरुस्तीच्या वेळी. जुन्या फळ्यांच्या जागी दुसरे लाकूड बसवले, किंवा कोणाकडून तरी जुने डबे विकत घेतले, तर ते सागवानासारखे दिसणार कसे? अशा वेळी कारागीर पिवळसर अस्तरावर पातळ तपकिरी रंग देत आणि तो ओला असतानाच कंगवे आणि कुंचले फिरवून त्यात लाकडाच्या रेषा काढत. या रेल्वेकडे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले जुने डबे बरेच असल्यामुळे खरे सागवान आणि रंगवलेले सागवान एकाच गाडीत शेजारी शेजारी असे. ही कला इतकी टिकली की पुढे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने पोलादी पत्र्याच्या डब्यांवरसुद्धा सागवानाच्या रेषा रंगवल्या. पोलादावर लाकूड काढण्याचा हा अट्टहास मला नेहमी थोडा करुण वाटत आला आहे.

सागवानी डब्यांची आणखी एक संयुक्त रेल्वे म्हणजे लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या दरम्यान धावणारी चेशायर लाइन्स कमिटी. तिचे तीन मालक होते आणि तिची तऱ्हा आणखी निराळी : डबे स्वतःचे, पण इंजिने एका मालकाने पुरवलेली. स्वतःची म्हणावीत अशी फक्त चार वाफेवर चालणारी स्वयंचलित वाहने तिने 1929 मध्ये घेतली.

प्रश्न : ‘जॉइंट रेल्वे’ आणि ‘जॉइंट स्टॉक’ हे एकच का?

उत्तर : नाही, आणि हा घोळ इंग्रजी लिखाणातही होतो. जॉइंट रेल्वेत मार्ग सामाईक असतो. जॉइंट स्टॉकमध्ये मार्ग ज्याचा त्याचा, पण डब्यांचा ताफा सामाईक. लंडनहून स्कॉटलंडला जाणारा प्रवासी दोन-तीन कंपन्यांच्या रुळांवरून जाई; त्याला मध्यरात्री डबा बदलायला लावू नये म्हणून कंपन्यांनी वर्गणी काढून खास डबे बांधले. पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर हे 1860 मध्ये सुरू झाले आणि ते डबे सागवानी होते. पश्चिम किनाऱ्याच्या ताफ्याने लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नची रंगसंगती घेतली : खाली जांभळट तपकिरी, वर जवळजवळ पांढरा.

रंगाची तडजोड सोपी होती, ब्रेकची नव्हती. दोन्ही मार्गांवर इंग्लंडमधील प्रमुख कंपनी निर्वात (नळीतली हवा काढून घेऊन चालणारा) ब्रेक वापरत होती आणि स्कॉटलंडमधील कंपनी दाबाच्या हवेचा वेस्टिंगहाऊस ब्रेक. त्यामुळे सामाईक डब्यांखाली दोन्ही यंत्रणा बसवाव्या लागल्या : दोन प्रकारचे सिलिंडर, दोन नळ्या, दुहेरी देखभाल. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या डब्याच्या पोटात अशी जुळवाजुळव होती. सॉमरसेट अँड डॉरसेटला हा त्रास झाला नाही, कारण तिच्या दोन्ही मालकांकडे निर्वात ब्रेकच होता.

प्रश्न : हे जुने डबे आतून कसे होते?

उत्तर : एका शब्दात, अरुंद. एकोणिसाव्या शतकातला नेहमीचा डबा चार किंवा सहा चाकांचा, लाकडी सांगाड्याचा, आणि आडव्या भिंतींनी अनेक खोल्यांत विभागलेला असे. प्रत्येक खोलीला दोन्ही बाजूंना स्वतःचे दार. आतून एका खोलीतून दुसरीत जाण्याची सोय नाही, शौचालय बहुधा नाही. उजेडासाठी छताच्या भोकातून वरून सोडलेला तेलाचा दिवा, पुढे वायूचा आणि मग विजेचा. थंडीत पायाखाली गरम पाण्याचा चपटा धातूचा डबा ठेवत; वाफेच्या नळ्यांनी डबा तापवण्याची सोय बरीच नंतर आली.

मराठीत आपण सबंध डब्यालाच ‘बोगी’ म्हणतो. तांत्रिक भाषेत बोगी म्हणजे डब्याच्या खाली बसवलेला, वळणावर फिरणारा चाकांचा गाडा. तो आल्यावर डबे लांब झाले आणि वळणे सुसह्य झाली. डोंगरातून सतत वळणाऱ्या सॉमरसेट अँड डॉरसेटसारख्या मार्गावर सहा चाकांच्या डब्यातून बोगीच्या डब्यात जाण्याचा फरक प्रवाशाच्या पाठीला चांगलाच कळला असेल.

तिसऱ्या वर्गाच्या बाबतीत मिडलंडचा शब्द मोठा मानावा लागतो. तिने 1872 मध्ये आपल्या सर्व गाड्यांना तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले आणि 1875 च्या पहिल्या दिवसापासून दुसरा वर्ग बंद करून तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. इतर कंपन्यांनी बोटे मोडली आणि यथावकाश तेच केले.

प्रश्न : निळा रंग संपला कधी, आणि ते डबे कुठे गेले?

उत्तर : 1923 मध्ये ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत विलीनीकरण झाले. सॉमरसेट अँड डॉरसेट त्यातून तगली. फक्त मालकांची नावे बदलली. मिडलंडच्या जागी लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश आली, आणि साउथ वेस्टर्नच्या जागी सदर्न. काही वर्षे निळा चालू राहिला. मग 1930 मध्ये दोन्ही मालकांनी खर्च कमी करायचे ठरवले : इंजिने पहिल्या कंपनीने आपल्या ताफ्यात घेऊन काळी केली, डबे दोघींनी वाटून घेतले, आणि हायब्रिजचा कारखाना बंद झाला. सदर्नच्या वाट्याला आलेले डबे हिरवे झाले. स्थानिक गाड्यांना पुढे सदर्नचेच हिरवे डबे लागत. मिडलंड अँड ग्रेट नॉर्दर्नची पाळी 1936 मध्ये आली, जेव्हा तिचा कारभार लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नने हाती घेतला.

राष्ट्रीयीकरणानंतर आधी लाल-मलईचे आणि 1956 पासून मरून डबे या मार्गावर आले, अधूनमधून हिरवेही दिसत. पाइन्स एक्सप्रेस 1962 मध्ये दुसऱ्या मार्गाने वळवली गेली आणि 7 मार्च 1966 रोजी मार्ग बंद झाला.

जुन्या लाकडी डब्यांची चाके काढून निव्वळ सांगाडे विकण्याची प्रथा ब्रिटनमध्ये सर्वत्र होती. ते शेतातल्या कोठ्या झाले, समुद्रकिनाऱ्यावरची घरे झाले, खेळाच्या मैदानाकडेचे आडोसे झाले. बाहेरून पत्रा ठोकला गेला की आतले लाकूड आणि त्यावरचा रंग वाचे. आज संग्रहालयांत दिसणारे यांतले बहुतेक डबे अशा आडोशांतूनच परत आले आहेत.

प्रश्न : मी या रेल्वेच्या एका गाडीची छोटी प्रतिकृती करत आहे. कोणता निळा घेऊ?

उत्तर : आधी वर्ष ठरवा. 1932 ची गाडी करत असाल तर निळ्याची बाटली उघडूच नका. डबे हिरवे आणि इंजिन काळे हवे. 1890 किंवा 1910 ची करत असाल तर प्रशियन निळा घ्या, पण बाटलीतला जसाच्या तसा लावू नका. लहान आकारात गडद रंग काळाच वाटतो, कारण खरी गाडी आपण काही अंतरावरून, मधल्या हवेसकट पाहतो. निळ्यात थोडा पांढरा मिसळून छटा एक-दोन पायऱ्या उजळ करा, रेषांसाठी झगझगीत पिवळा न वापरता किंचित मातकट पिवळा घ्या, आणि छतावर काजळी सढळ हाताने द्या; कोम डाउनच्या बोगद्यातून स्वच्छ छत घेऊन बाहेर पडलेला डबा कोणी पाहिलेला नाही.